नऊ शाळा, एक कोहा : दापोलीच्या किनाऱ्यावरच्या ग्रंथालय प्रणालीच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

शाळांतली पुस्तकं कॉम्प्युटरवर नोंदवायला शिक्षकांना शिकवायचं आहे, त्यासाठी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, नऊपैकी चार शाळा आज पाहिल्या. सुरुवात हर्णैच्या बाजूने केली. आंजर्ल्याच्या पुलावर पोचले तेव्हा पावसाने समोरचं काही दिसू देईना. शाळांची नावं या वहीत लिहिणार नाही. बंदरावरची, खाडीवरची, डोंगरातली, माळावरची, एवढ्यावर माझं भागतं.

चारही शाळांत पुस्तकं आहेत आणि चारही ठिकाणी ती कुलपात आहेत. खाडीवरच्या शाळेत किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. डोंगरातल्या शाळेत किल्ली मिळाली, पण कुलूप गंजलेलं. बाईंनी पोषण आहाराच्या खोलीतून तेल आणून घातलं, मग ते फिरलं. दार उघडल्यावर आलेला वास बावीस वर्षं महाविद्यालयात ग्रंथपाल असलेल्या माणसाला सांगावा लागत नाही: बुरशी आणि डांबराच्या गोळ्या, दोन्ही एकदम.

प्रशिक्षणाचं सांगितल्यावर सगळीकडे पहिला प्रश्न एकच. "मॅडम, हे वरून आलंय का?" नाही म्हटलं की चेहरा सैलावतो आणि दुसरा प्रश्न येतो, "मग लिंकवर माहिती नाही ना भरायची?" ही मंडळी शाळेची माहिती यूडायसवर भरतात, पगाराची शालार्थवर भरतात, रोजच्या ताटांची संख्या मोबाइलवर भरतात. कॉम्प्युटरला ती घाबरत असतील हा माझा समज पहिल्याच दिवशी गेला.

२ जुलै, मंगळवार

ग्रंथालयासाठी कोणती प्रणाली घ्यायची यावर आमच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळा सहायकाशी वाद. ई-ग्रंथालय सरकारी आहे, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं आहे, चांगलंही आहे, पण ते क्लाउडवर चालतं आणि इथे वीज गेली की तासाभरात मोबाइलचा टॉवरही मान टाकतो. शेवटी कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती म्हणून १९९९ मध्ये हे लिहिलं गेलं, आणि जानेवारी २००० पासून ते चालू आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे इंटरनेट नसतानाही खोलीतल्या खोलीत चालतं.

केंद्रशाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून त्यावर कोहा बसवायचं, शेजारी एक राउटर ठेवायचा, शिक्षकांनी मोबाइलवरून किंवा लॅपटॉपवरून त्याला जोडून घ्यायचं. नऊ शाळा म्हणजे कोहातल्या नऊ शाखा.

सहायक म्हणाला, वीस पटाच्या शाळेला कोहा कशाला? खरं आहे. दोनशे पुस्तकं असलेल्या द्विशिक्षकी शाळेत बाईंना प्रत्येक पुस्तक पाठीवरून ओळखता येतं, तिथे शंभर पानी वही पुरते. पण लहानमोठ्या नऊ शाळांची पुस्तकं एकत्र मोजली तर तीन हजारांच्या वर जातात, आणि माळावरच्या शाळेत चार प्रती धूळ खात असलेलं पुस्तक खाडीवरच्या शाळेत एकही नसतं. एकाला दुसऱ्याकडचं दिसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. शाळेतली रोजची देवघेव वहीतच राहील. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, म्हणजे शिक्षण परिषदेला, येताना वही आणायची आणि नोंदी चढवायच्या.

१२ जुलै, शुक्रवार

माळावरच्या शाळेने फार पूर्वी पुस्तकांची यादी टाइप करून ठेवली होती. मोठ्या अभिमानाने पेन ड्राइव्ह दिला. उघडला तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोड ही सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची पद्धत रुळण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टात केलेलं काम, आणि तो फॉन्ट आता कोणाकडेच नाही. रूपांतर करणाऱ्या साधनाने निम्म्याहून जास्त सुटलं, जोडाक्षरं मात्र फुटली. उरलेलं हातानेच.

पुस्तकावर छापलेला आयएसबीएन क्रमांक टाकून बाहेरून तयार नोंदी ओढाव्यात असा एक शॉर्टकट मनात होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून काही मराठी पुस्तकं मिळाली, पण नोंदी रोमन लिपीत, अक्षरांखाली ठिपके आणि वर आडव्या रेघा. तिसरीतलं पोर असं नाव कशाला शोधेल? शिवाय शाळेतली बरीच पुस्तकं इतकी जुनी की त्यांच्यावर आयएसबीएनच नाही.

१५ जुलै, सोमवार

पावसाने सुट्टी. काल खेडजवळ दिवाणखवटीला रेल्वेमार्गावर दरड आली. पुस्तकांना लावायच्या बारकोड लेबलांचा कागद मुंबईहून येत होता, तो आता कधी येईल ते येईल.

२६ जुलै, शुक्रवार

पहिलं प्रशिक्षण. चौदा शिक्षक. मी केलेल्या स्लाइड सात मिनिटांत गुंडाळल्या, कारण मागच्या बाकावर पोषण आहाराची संख्या भरणं चालू झालं होतं. मग प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं आणि म्हटलं, हे आत टाका. त्यानंतर दोन तास कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

टायपिंग हळू होतं. माळावरच्या बाईंनी विचारलं, बोलून चालेल का? मोबाइलचा माइक दाबून त्यांनी नाव आणि लेखक बोलून टाकलं, मी शिकवलेल्या पद्धतीच्या निम्म्या वेळात. अर्ध्या तासात सगळा वर्ग बोलत होता, खोलीत बाजार भरल्यासारखा आवाज. ही युक्ती माझ्या टिपणात नव्हती, आता घातली.

स्कॅनरची गंमत. लेबलावर इंग्रजी के हे अक्षर आणि पुढे पाच आकडे आहेत. एका लॅपटॉपवर स्कॅन केलं की पडद्यावर के न येता ख यायचा. स्कॅनर खराब म्हणून दोनदा बदलला. मग डोक्यात प्रकाश पडला. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने नुसता कीबोर्ड, आणि लॅपटॉप इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर होता. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून के दाबला की ख हेच अक्षर उमटतं. बंदरावरचे गुरुजी म्हणाले, "म्हणजे यालापण मराठी येतं की." आता प्रत्येक स्कॅनरवर चिकटपट्टी लावून लिहिलंय: आधी भाषा इंग्रजी करा.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज शोध. मला वाटलं होतं हा सोपा दिवस.

दोन शाळांत एकाच नकाशासंग्रहाच्या प्रती आहेत. ॲटलास असं शोधलं तर एकच सापडते, दुसरी गायब. डोळ्यांना दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. एका बाईंनी मोबाइलवरून भरलं होतं, तिथे ॲ हे सबंध एकच अक्षर आहे. युनिकोडमध्ये ते २००८ मध्ये आलं. दुसऱ्या गुरुजींच्या जुन्या लॅपटॉपवर अ काढून त्यावर चंद्र दिलेला. माणसाला एक, यंत्राला दोन.

त्याहून मजेशीर भांडण दर्या आणि दऱ्या यांचं. बंदरावरच्या शाळेला दर्या पाहिजे, डोंगरातल्या शाळेला दऱ्या. एकात रफार, एकात ऱ, आणि घाईत बोलून टाकलेल्या नोंदींत मोबाइलने कुठे काय घातलंय ते तोच जाणे. डोंगरातल्या बाई म्हणाल्या, "आमच्या दऱ्या तुम्ही समुद्रात घातल्यात." यावर नियम एकच केला: बोलून टाकलं तरी मुखपृष्ठ समोर धरून एकदा वाचायचं, आणि जतनचं बटण त्यानंतर.

जुन्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत कांहीं, नाहीं असे अनुस्वार आहेत. छापलंय तसं मुख्य नावात ठेवायचं आणि आजचं रूप पर्यायी नावाच्या २४६ क्रमांकाच्या रकान्यात द्यायचं. टोपणनावाचंही तसंच. केशवसुत म्हणून शोधणाऱ्याला कृष्णाजी केशव दामले हे नाव माहीत असायला हवं असा आग्रह कशाला? आमच्याच जिल्ह्यातल्या मालगुंडचा कवी, त्याला दोन्ही नावांनी हाक मारता आली पाहिजे.

सहायकाने दुपारभर बसून शोधाची यंत्रणा आयसीयू या, वेगवेगळ्या लिप्यांची अक्षरं नीट हाताळणाऱ्या पद्धतीवर घेतली. देवनागरीसाठी ती लागतेच. हे आधीच करायला हवं होतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

रंगनाथनांचा जन्मदिवस, म्हणजे आम्हा ग्रंथपालांचा दिवस. महाविद्यालयात हार घातला. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं पहिलं, पुस्तकं वापरासाठी असतात, हे फलकावर लिहिताना डोंगरातल्या शाळेचं गंजकं कुलूप आठवत होतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आजची नोंद सविस्तर करते.

बंदरावरच्या शाळेच्या सगळ्या पुस्तकांना लेबलं लागली, म्हणून साठा पडताळणी शिकवायला तीच शाळा घेतली. दाखलनोंद वहीतली ४१२ पुस्तकं कोहात चढवलेली. कपाट उघडून एकेक पुस्तक स्कॅन करायचं, ती यादी कोहाला द्यायची, आणि जी दिसली नाहीत त्यांची नावं कोहा समोर मांडतं. काम झटपट होतं. मुलंही मदतीला आली, टूं टूं आवाजावर खूश.

२६३ स्कॅन झाली. बटण दाबलं. पडद्यावर १४९ पुस्तकांची यादी उतरली.

मी उत्साहात होते. "बघा, वहीवर बोट ठेवून हे करायला तीन दिवस लागले असते." कोणी काही बोललं नाही. तेरा शिक्षक पडद्याकडे बघत होते आणि बंदरावरचे गुरुजी खिडकीबाहेर. मग खाडीवरच्या मुख्याध्यापकांनी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ही यादी कुठे जाते?"

कुठेही जात नाही, या खोलीतल्या डब्यातच राहते, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. चहा झाला. चहानंतर पुढच्या शाळेची पडताळणी होती, पण त्या शाळेच्या गुरुजींना अचानक बँकेत काम निघालं, आणखी एका बाईंची एसटी लवकरची होती. चार वाजता मी आणि सहायक दोघंच उरलो.

३० ऑगस्ट, शुक्रवार

प्रशिक्षण नाही. बंदरावरच्या गुरुजींना एकटं भेटायला गेले. शाळा सुटल्यावर हर्णैला लिलाव चालू होता तिथे उभं राहून बोललो. मासेमारी पुन्हा सुरू होऊन महिना होत आलाय, मुलांचे बाप बोटींवर, घाई सगळीकडे.

गुरुजी मूळ बीडचे. २०१८ मध्ये इथे चार्ज घेतला तेव्हा आधीच्यांनी वही पुढे केली, यांनी सही केली. ४१२ पुस्तकं मोजून कोण घेतं? पुढे २०२० च्या मे महिन्यात शाळा मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या विलगीकरणाला दिली. कपाटं व्हरांड्यात सरकवली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पत्रे उडाले, दोन दिवस कोणी शाळेपर्यंत पोचू शकलं नाही, आणि पोचले तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतल्या पुस्तकांचा लगदा झालेला. पंचनाम्यात पत्रे आले, खिडक्या आल्या, टीव्ही आला. पुस्तकं घालायची कोणाला सुचलं नाही. लगदा खड्ड्यात पुरला, वहीत मात्र ती पुस्तकं अजून जिवंत आहेत.

"उद्या बदली झाली तर पुढचा माणूस म्हणेल पुस्तकं द्या. माझ्या पगारातून कापतील," ते म्हणाले. कापतील की नाही हे त्यांना पक्कं माहीत नव्हतं. पण भीतीला तेवढं लागत नाही. आणि मग असं वाक्य म्हणाले की वहीत घालून ठेवते: "कपाटात असलेलं पुस्तक हरवत नाही, मॅडम."

मुलांना पुस्तकं का मिळत नाहीत याचं उत्तर मी दोन महिने कीबोर्डमध्ये शोधत होते. मुलाच्या हाती दिलेलं पुस्तक ही शिक्षकाच्या डोक्यावरची जोखीम आहे आणि माझा स्कॅनर ती जोखीम मोजून पडद्यावर लावतो. त्यांनी मला बँकेचं कारण सांगून टाळलं यात नवल नाही. मी स्कॅनरपासून सुरुवात केली, निर्लेखनापासून, म्हणजे गेलेली पुस्तकं वहीतून रीतसर कमी करण्यापासून, करायला हवी होती.

४ सप्टेंबर, बुधवार

गणपती शनिवारी. आता विसर्जनापर्यंत कोकणात प्रशिक्षण हा शब्द काढू नये.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आजचं सत्र फक्त हरवलेल्या पुस्तकांवर. कॉम्प्युटर दुपारपर्यंत बंद ठेवला.

केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम घेऊन गेले होते. त्यातला २१५ वा नियम म्हणतो की वर्षभरात दिल्या-हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर चौकशी करावीच. हा नियम आपल्या शाळांना थेट लागू नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. तरी वाचल्यावर खोलीत कुजबुज झाली. सरकारच लिहितंय की वापरलेली पुस्तकं थोडीफार हरवतात? माळावरच्या बाईंनी तो परिच्छेद मोबाइलवर टिपून घेतला. केंद्रप्रमुख सर शेवटपर्यंत बसले, ही मोठी गोष्ट. त्यांनी निर्लेखन प्रस्तावाचा मसुदा फळ्यावर लिहून दाखवला: दाखल क्रमांक, नाव, किंमत, कारण, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाचा दिनांक.

दुपारी कोहात तेच केलं आणि तोंडघशी पडले. मुलाच्या नावावर असलेलं एक पुस्तक सरावासाठी 'हरवले' केलं, तर कोहाने त्या तिसरीतल्या मुलीच्या खात्यावर ताबडतोब ४५ रुपये चढवले. हरवलं की किंमत वसूल करायची, ही सोय मुळातच चालू असते. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आलंच शेवटी वळणावर. जागच्या जागी ती बंद केली आणि मुलीचं खातं कोरं केलं. न्यूझीलंडहून आलेल्या भेटीतही वसुली होती म्हणायची.

२५ सप्टेंबर, बुधवार

शिक्षकांची सामूहिक रजा. शाळा बंद.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मराठीला अभिजात दर्जा मिळाला. केंद्रशाळेत फलक सजवलाय. त्याच खोलीत पावसाळ्यातली लेबलं तपासली: इंकजेटवर छापलेल्या लेबलांची शाई दमटपणाने पसरलीय, स्कॅनरला एकही वाचता येत नाही. लेझरवर छापलेली शाबूत आहेत. वरून रुंद पारदर्शक पट्टी लावलेली तर उत्तम, फक्त तिची कड पुस्तकाच्या कडेपर्यंत न्यायची नाही, नाहीतर मुलं सोलतात. एकशेऐंशी लेबलं पुन्हा.

डांबराच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. त्यांनी बुरशी जात नाही, नुसती मुलांची डोकी दुखतात. ऑक्टोबरच्या उन्हात कपाटं उघडी ठेवा, पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. नऊपैकी सहा शाळांनी पुस्तकं घरी दिली. त्यातल्या तीन शाळांनी वर्षात पहिल्यांदा. बंदरावरच्या शाळेतली पोरं पुस्तकं मासळीच्या नव्या पिशव्यांत गुंडाळून घेऊन गेली. पिशव्या कोऱ्या आहेत ना, हे बाईंनी हुंगून पाहिलं.

दुपारी निवडणुकीची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे शिक्षक गेले, मध्ये दिवाळीही गेली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दीड महिन्याने केंद्रशाळेत आले आणि आधी बॅकअप पाहिले. एकही नाही. कोहा रोजचा बॅकअप स्वतः घेतं, पण ते काम पहाटे ठरलेलं, आणि शाळेत विजेच्या भीतीने संध्याकाळी पाच वाजता मेन स्विच पाडतात. मशीन पहाटे कधी चालूच नसतं. चार महिन्यांचं काम एका जुन्या हार्ड डिस्कवर देवाच्या भरवशावर होतं. सहायकाने अनाक्रॉन बसवलं. मशीन जेव्हा चालू होईल तेव्हा राहिलेलं काम ते उरकतं. शिवाय दर शुक्रवारी पेन ड्राइव्हवर एक प्रत. ती कोणी घ्यायची यावर चर्चा झाली, आणि सातवीतल्या दोन मुलींची नेमणूक झाली.

मुलींची, कारण बदल्या. बंदरावरच्या गुरुजींनी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज केलाय, खाडीवरचे मुख्याध्यापक मेमध्ये निवृत्त होतात. एक माणूस शिकवून तयार करावा आणि तो घाट चढून जावा, हे किती वेळा करायचं? सातवीतल्या मुलीही जूनमध्ये जातील, पण सहावीतल्यांना शिकवून जातील. तेवढी अट घातलीय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

बंदरावरच्या शाळेत पुन्हा पडताळणी. या वेळी गुरुजींनी स्वतः बोलावलं. १४९ ची यादी त्यांनी तीन महिने खिशात घालून फिरवली होती. ६१ सापडली: काही कार्यालयातल्या दुसऱ्या कपाटात, काही अंगणवाडीत, काही त्यांच्याच खोलीवर. ७४ निसर्गची, गावातल्या दोन सदस्यांच्या सह्यांसह कारण लिहिलेलं. उरलेली १४, त्यांच्यापुढे त्यांनी सरळ 'मुलांकडून गहाळ' असं लिहिलंय.

व्यवस्थापन समितीचा ठराव झाला. ८८ पुस्तकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे दिला. वरून काय उत्तर येतं ते पाहायचं. कोहात मात्र गुरुजींनी माउस माझ्याकडे मागितला आणि एकेक नोंद स्वतः हरवले, हरवले करत गेले. मध्येच थांबून एका नावावर म्हणाले, "हे चांगलं होतं हो, पोरं मागायची." मग पुढचं.

पुढच्या शुक्रवारी खाडीवरची शाळा, त्यांनी स्वतःहून तारीख दिलीय. प्रस्तावाचे दहा कोरे नमुने न्यायचे, एका स्कॅनरची वायर उंदराने कुरतडलीय ती बदलायची, आणि ख येतो त्या लॅपटॉपवर चिकटपट्टी नव्याने लावायची.